धारला समुद्र नाही, तरीही

चि. छकुलीस,



गोव्याला जाऊन पाण्याखालचं पुरातत्त्व शिकायचं तू ठरवलंस आणि देवासच्या घरात वादळ उठलं, हे तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. ताईचं म्हणणं असं, की चामुंडेच्या टेकडीखाली वाढलेल्या पोरीचं समुद्राच्या तळाशी काय अडलंय? उकरायचीच हौस असेल तर कायथा आहे, नागदा आहे, कोरड्या जमिनीवर हवं तेवढं उकर म्हणावं. तुझ्या बाबांचा प्रश्न नेहमीचाच, यात नोकरी कुठे? दोघांनी मला मध्ये घातलंय. 'तुझं ऐकते ती, तूच समजाव.' समजावणार आहे, पण तुला नाही, त्यांना. आणि हे पत्र मासिकाकडेही देतोय, कारण माळव्यातल्या आपल्या मराठी घरांमध्ये मुलांनी काय शिकावं याची यादी फार आखूड आहे.

धारपासून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. आमच्याकडे पाणी म्हणजे मुंज तलाव, देवीसागर आणि जिल्ह्याच्या दक्षिण कडेने जाणारी नर्मदा. (कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र बाघपर्यंत आला होता, तिथल्या चुनखडीत अजून शिंपले सापडतात, पण तेव्हा जहाजं बांधायला माणूस नव्हता.) असं असूनही जहाजबांधणीबद्दल संस्कृतात जे थोडंफार लिहिलेलं उरलंय, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण धारच्याच राजाच्या नावावर आहे. ग्रंथाचं नाव 'युक्तिकल्पतरु', राजा भोज, काळ अकरावं शतक. राजनीती, घरं, आसनं, छत्रं, रत्नं, शस्त्रं, हत्ती-घोडे अशा राजाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींचं ते बाड, आणि त्यात एक भाग नौकांचा. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय जहाजांच्या इतिहासावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा भरपूर आधार घेतला, १९१७ साली कलकत्त्याला पोथी छापून निघाली आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात ती हजर असते. ग्रंथ खुद्द भोजाचा की त्याच्या नावावर चढवलेला, यावर विद्वानांचं एकमत नाही. आम्हा धारकरांचं आहे.

आता त्यात काय आहे ते बघ. नौकांचे दोन वर्ग. सामान्य म्हणजे नदीत चालणाऱ्या, विशेष म्हणजे समुद्रात जाणाऱ्या. सामान्य नौकांची दहा नावं, क्षुद्रेपासून मन्थरेपर्यंत. विशेष नौकांमध्ये पुन्हा लांब त्या दीर्घा आणि उंच त्या उन्नता, त्यांचे पोटभेद, प्रत्येकीची लांबी-रुंदी-उंची. खोली कुठे बांधली आहे त्यावरून सर्वमन्दिरा, मध्यमन्दिरा, अग्रमन्दिरा. चार डोलकाठ्यांची नौका पांढरी रंगवावी, तीनची तांबडी, दोनची पिवळी, एकीची निळी. नाळेवर सिंह, महिष, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक नाही तर माणसाचं तोंड. लाकडाचे चार वर्ण. हलकं, मऊ, सहज सांधलं जाणारं ते ब्राह्मण. हलकं पण कठीण, सांधायला अवघड ते क्षत्रिय, आणि भोजाची पसंती याला. मऊ पण जड ते वैश्य, कठीण आणि जड ते शूद्र. आपल्या लोकांनी लाकडालाही जात चिकटवल्याशिवाय सोडलं नाही. पण वर्ण बाजूला काढून वाचलंस तर खाली उरते ती सुताराची पारख, वजन, कठीणपणा आणि सांधा.

आणि मग ती प्रसिद्ध ताकीद. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रात लोहचुंबकाचे खडक असतात, ते नौकेला ओढून घेतात.

हे धारमध्ये बसून वाचताना हसू येतं. लाट मशिदीच्या आवारात आपला तो लोहस्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा तुला त्यावर बसायचं असायचं आणि पहारेकरी हाकलायचा. तिन्ही तुकडे जोडले तर तेरा मीटरच्या वर लांबी, म्हणजे दिल्लीच्या स्तंभाच्या जवळपास दुप्पट, आणि वजन सात टनांच्या आसपास. बुंध्याशी चौकोनी, वर अष्टकोनी होत गेलेला. हात फिरवला की घणाच्या ठोक्यांचा उंचसखलपणा कळतो, आणि अंगावर मधूनमधून भोकं आहेत, तापलेलं धूड फिरवताना पहार अडकवायला ठेवलेली. जहांगीर १६१७ मध्ये धारला आला तेव्हा त्याने लिहून ठेवलं, की गुजरातच्या बहादूरशहाने हा खांब न्यायचा प्रयत्न केला आणि त्या धांदलीत तो पडून मोडला. सांगायचं एवढंच, की ज्या गावात लोखंड असं वळवलं जात होतं, त्याच गावच्या नावावरचा ग्रंथ सांगतो, जहाजात खिळा मारू नका. लोखंड मिळत नव्हतं म्हणून नव्हे, तर लोखंड नकोच म्हणून.

चुंबकाच्या खडकांची गोष्ट भोजाची एकट्याची नाही. टॉलेमीकडे ती आहे, अरबी कथांमध्येही आहे. हिंदी महासागरात काथ्याच्या दोरीने शिवलेली जहाजं चालायची, आणि खिळ्यांच्या जहाजांची सवय असलेल्या माणसांना त्याचं कारण काहीतरी द्यावं लागायचं. कोणी खडक सांगितले, कोणी लाकूड ठिसूळ असतं म्हणाला. शिवलेलं जहाज लाटेच्या दणक्याला थोडं वाकतं, लवतं, तडकत नाही, आणि किनाऱ्यावर ओढून पुन्हा उसवून शिवता येतं, हे कारण बांधणाऱ्याला ठाऊक होतं. पण बांधणारा पोथी लिहीत नव्हता.

माझी खरी तक्रार इथे आहे. युक्तिकल्पतरु वाचून एक नौका बांधून दाखव म्हटलं तर कोणालाही जमणार नाही. फळीला भोक किती अंतरावर पाडायचं, दोरी आतून कशी फिरवायची, फासळ्या आधी बसवायच्या की फळ्या, सांध्यात काय भरायचं, यातलं काही त्यात नाही. तुझ्या पणजीच्या स्वयंपाकाच्या वहीत 'तिखट-मीठ बेताने' लिहिलेलं आहे ना, तसंच. जे सगळ्यांना येत होतं ते कोणी लिहिलंच नाही. आणि तरी आपण त्या पंचवीस-तीस नावांची यादी दरवर्षी व्यासपीठावरून म्हणतो आणि टाळ्या घेतो. मन्थरा नावाची नौका पाण्यावर कशी दिसायची, हे विचारणारा श्रोता मला अजून भेटायचाय. आपल्याकडे पोथी आहे, नौका नाही.

तू मागे कॅनडातल्या रेड बेचं नाव घेतलंस तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचतोय. आणि ताईला ही गोष्ट मुद्दाम सांगणार आहे, कारण ती एका आईची गोष्ट आहे.

सेल्मा बार्कम. जन्म इंग्लंडमधला, संसार कॅनडात. १९६४ मध्ये नवरा गेला, पदरात चार मुलं. नवरा वास्तुविशारद, त्याला बास्क प्रदेशाची ओढ. त्याच्या नादाने हिनेही ऐकलं होतं, की स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरचे हे बास्क लोक सोळाव्या शतकात देवमासे मारायला पार कॅनडापर्यंत जात. पण कुठे, किती, कधी, हे कोणाला नीट सांगता येत नव्हतं. ही बाई मुलांना घेऊन आधी मेक्सिकोत स्पॅनिश शिकली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थेट बास्क प्रदेशात जाऊन राहिली. इंग्रजी शिकवून पोट भरायचं आणि उरलेला वेळ दप्तरखान्यात.

ती जे कागद वाचत होती ते ओन्याती, तोलोसा, बुर्गोस, वायादोलिद अशा गावांतले. एकातही बंदर नाही. ओन्याती तर डोंगरातलं गाव. नोटरीचे करार, विम्याचे कागद, कोर्टातले कज्जे. लिपी अशी, की कारकून लेखणी न उचलता ओळच्या ओळ साखळीसारखी ओढत जातो, अक्षर कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं कळत नाही. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. छकुली, हे तर आपलं मोडीचं दुखणं! लोक माझ्याकडे इनामाच्या सनदा घेऊन येतात, जमिनीच्या वाटणीचे जुने कागद घेऊन येतात, धार दरबारच्या कारकुनाने घाईत ओढलेली घसटी मोडी, आणि एकेका शब्दावर मी चहा गार करतो. त्या बाईने तसली लिपी परक्या भाषेत, परक्या देशात, स्वतःच्या जिवावर शिकून घेतली.

आणि कागदांतून काय निघालं? कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरची बंदरं, बास्कांनी दिलेल्या नावांनिशी. कुठली जहाजं कुठल्या वर्षी गेली. खलाशांना ठरलेला पगार नव्हता, तेलात वाटा होता. देवमाशाची चरबी तांब्याच्या मोठ्या कढयांत कढवायची, तेल पिंपांत भरायचं आणि युरोपात आणून विकायचं. तिथल्या घराघरांतले दिवे त्यावर जळत. आणि एक कज्जा. पासाइया बंदराचं 'सान हुआन' नावाचं जहाज १५६५ मध्ये, परतीच्या वेळेस, सुमारे हजार पिंपं भरलेली असताना वादळात नांगर तुटून बुडालं. जागा, बुतुस नावाचं बंदर. मालकी, विमा आणि वाचवलेली पिंपं यावर माणसं भांडली, म्हणून आपल्याला ते कळलं. भांडखोर लोकांचे इतिहासावर उपकार असतात, हे मी धारच्या दप्तरावरूनही सांगू शकतो.

बुतुस म्हणजे आजचं रेड बे, हे तिने नकाशे आणि वर्णनं जुळवून ओळखलं. १९७७ मध्ये जेम्स टक या पुरातत्त्वज्ञाला घेऊन ती तिथे गेली. बंदराच्या तोंडाशी सॅडल नावाचं बेट आहे, तिथे पायाखाली तांबड्या कौलांचे तुकडे. आपण कवेलू म्हणतो तसली, अर्धगोल. लॅब्राडोरमध्ये कौलं भाजणारं कोणी नव्हतं. ती बास्क जहाजांतून आली होती, कढयांच्या भट्ट्यांवर छप्पर घालायला.

पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, पार्क्स कॅनडाचे पाणबुडे रोबेर ग्रेनिए यांच्या हाताखाली उतरले. कागद म्हणत होते जहाज किनाऱ्याच्या अगदी जवळ बुडालं, आणि ते बेटाच्या लगत, सुमारे दहा मीटर खोलीवर मिळालं. पाणी इतकं थंड, की वरून नळीने गरम पाणी अंगावरच्या पोशाखात सोडत राहावं लागे. (हे वाक्य ताईला वाचून दाखवू नकोस. गोव्याचं पाणी कोमट असतं, एवढंच सांग.) सात-आठ हंगाम काम चाललं. त्यांनी जहाज वर काढून संग्रहालयात उभं केलं नाही. पाण्याखालीच सांधा सांधा सोडवत सुमारे तीन हजार लाकडं एकेक करून वर आणली, स्वच्छ केली, मोजली, काढली, रबराचे साचे घेतले, एकास दहा या मापाची प्रतिकृती बनवली आणि सगळी लाकडं परत तळाशी नेऊन वाळूत पुरली. वर ताडपत्री, आणि ती जागची हलू नये म्हणून सिमेंट भरलेले टायर. मला या सगळ्यात हा टायरांचा भाग फार आवडला. इतकी वर्षं खपून वर आणलेली वस्तू पुन्हा पाण्यात ठेवायची, कारण ती तिथेच सगळ्यात सुरक्षित आहे, एवढा समंजसपणा सरकारी खात्याला सुचला. आपल्याकडे असं लाकूड मिळालं असतं तर आधी उद्घाटन झालं असतं.

लाकडांनी काय सांगितलं ते ऐक, कारण हे कुठल्याच कागदात नव्हतं. जहाज ओकचं, पण तळाचं कण्याचं लांब लाकूड बीचचं, आणि नुसता कणा नव्हे तर त्याच्या दोन्ही अंगांच्या पहिल्या फळ्यांचा भागही त्याच एका झाडातून कोरून काढलेला. सांध्यांची रीत जुनी आणि नवी मिसळलेली. बास्क लोक जंगलात उभ्या ओकच्या फांद्यांना वर्षानुवर्षं वळण लावून जहाजाच्या फासळ्या झाडावरच वाढवत, ते वळणही लाकडात दिसतं. भोजाची ब्राह्मण-क्षत्रिय वर्गवारी आणि हे, दोन्ही शेजारी ठेव. तिथे लाकूड ओळखायचं तर आहेच, ते घडवलंही जातंय, तेही झाड जिवंत असताना. बुडताना जहाजाच्या कुशीखाली एक छोटी होडी अडकली होती, आठ मीटरची चालुपा, जिच्यातून देवमाशावर भाला टाकत. मोठ्या जहाजाने दाबून धरली म्हणून ती टिकली. ती मात्र वर काढून जोडली, आणि आज रेड बेमध्ये बघता येते.

तिसरा साक्षीदार आणखी वेगळा. बंदरात पडलेली देवमाशांची हाडं. आधी समज होता, की बास्कांनी दोन जातींचे देवमासे सारखेच मारले, राइट आणि बोहेड, आणि राइट जात तिथे उतरणीला लागली ती त्यांच्यामुळे. पुढे हाडांची जनुकीय तपासणी झाली, तर जवळजवळ सगळी बोहेडची निघाली. राइट व्हेलचं एकच हाड. कागदावर आणि अंदाजावर उभं राहिलेलं एक सबंध अनुमान कोसळलं.

आणि तरीही, सापडलेलं जहाज 'सान हुआन'च, असं सांगणारी पाटी कुठे मिळालेली नाही. काळ जुळतो, जागा जुळते, माल जुळतो, म्हणून तसं मानतात. ग्रेनिएंच्या लोकांनी ही सावधगिरी शेवटपर्यंत सोडली नाही. हा स्वभाव तुला लागेल.

माणसांचं सांगायचं राहिलं. सॅडल बेटावर टक यांना स्मशान सापडलं, शंभराच्या वर माणसं पुरलेली, काही एकाच खड्ड्यात अनेक. तिथल्याच एका खलाशाने, दोमिंगो दे लुसाने, १५७७ मध्ये मरणापूर्वी केलेलं मृत्युपत्र सेल्मा बार्कमना स्पेनच्या दप्तरात मिळालं. घरापासून समुद्रापलीकडे, देवमाशाच्या चरबीच्या धुरात बसून कोणीतरी त्याचं देणं-घेणं लिहून घेतलं, आणि तो कागद परत गावी पोचवला. हाडं इकडे, सही तिकडे. २०१३ मध्ये युनेस्कोने रेड बेला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. त्या कागदाची किंमत मला त्याहून जास्त वाटते.

आता आपल्याकडे ये.

१९९८ मध्ये इंडोनेशियात बेलितुंग बेटापाशी नवव्या शतकातलं एक जहाज मिळालं, चिनी मातीच्या भांड्यांनी गच्च भरलेलं, साठ हजारांच्या घरात. फळ्या शिवलेल्या, खिळे नाहीत. भोजाच्या आधी दोनशे वर्षं, आणि ताकीद तंतोतंत पाळलेली. पोथीचे भक्त खूश. पण २००२-०३ मध्ये केरळात, आलप्पुळा जिल्ह्यातल्या कडक्करपळ्ळीला, शेतजमिनीत गाडलेली मध्ययुगीन मोठी नौका उकरून काढली, तर तिला लोखंडी खिळे. मग पोथी खोटी? थांब. त्या नौकेचा तळ सपाट आहे, म्हणजे ती बहुधा कायलांमधल्या, खाडीतल्या उथळ पाण्याची. आणि भोजाची बंदी फक्त समुद्राच्या नौकांना आहे. सामान्य आणि विशेष हा भेद त्याने उगीच केलेला नाही. बघ, एक लाकूड मिळाल्याबरोबर पोथी कशी बोलायला लागली! इतकी वर्षं ती नुसती म्हटली जात होती.

आपली नर्मदेची नाव बघितली तरी हेच. धरमपुरीच्या घाटावर एक नाव उपडी घातलेली होती, केवट फळ्यांच्या फटीत चिंधीची वात ठासत होता, बोथट छिन्नीने, वरून डांबर. खिळे लोखंडी, डोकी गंजलेली. मी त्याला भोजाची बंदी सांगितली. तो म्हणाला, नर्मदेत कुठले आले चुंबक? म्हणजे त्याला आणि भोजाला ते सारखंच पटलेलं होतं.

२०२५च्या मे महिन्यात कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' नावाचं शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं, ते टीव्हीवर तूही बघितलं असशील. गोव्यात बांधलं, केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी काथ्याने शिवलं. काम देखणं आहे आणि त्या कारागिरांच्या हातांना नमस्कार. पण आधार काय, तर अजिंठ्याच्या भिंतीवरचं एक चित्र. चित्रात जहाज बाहेरून दिसतं, आतून नाही; शिडं कळतात, सांधे कळत नाहीत. बाकीचं आजच्या कारागिरांच्या अनुभवातून आणि पाण्याच्या टाकीतल्या चाचण्यांतून भरून काढावं लागलं. तिकडे पासाइयामध्ये बास्क लोकांनी २०१४ मध्ये 'सान हुआन' पुन्हा पूर्ण मापाचं बांधायला घेतलं, तर त्यांच्यासमोर तीन हजार लाकडांची मोजमापं होती. दोन्हीकडे हौस सारखी, कसब सारखं. मधलं अंतर बुडी मारणाऱ्यांनी भरून काढलेलं. तुझ्या बाबांनी 'याचा उपयोग काय' विचारलं तर हे दोन्ही फोटो समोर ठेव.

आपल्या समुद्रात काम अवघड आहे, हेही त्यांना सांगायला हवं. लॅब्राडोरच्या थंड पाण्यात लाकूड टिकलं. आपल्याकडे गाळात खोल रुतल्याशिवाय किडे ते पोखरून संपवतात. गोव्याला दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचं केंद्र सुरू केलं. त्याच संस्थेच्या लोकांना मुरगावजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. काय मिळालं? हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मर्तबानची मोठी भांडी, चिनी मातीचे तुकडे, घडीव दगड. माल उरला, जहाज गेलं. सेंट जॉर्ज रीफवर तर बासेल मिशनच्या कारखान्याची कौलं, १८६५चा शिक्का मारलेली. कौलांवरून रेड बेची खात्री पटली, कौलांवरूनच या जहाजाचा काळ बांधता आला. तेव्हा पायाखाली कवेलूचा तुकडा आला तर लाथाडू नकोस.

पण गाळ आपल्याकडे नाही असं कोण म्हणतो? मला राहून राहून विजयदुर्ग आठवतो. फेब्रुवारी १७५६. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा, नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीवरून, वॉट्सन आणि क्लाइव्ह समुद्रावरून. आंग्रेंनी पूर्वी धरलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं कंपनीचं जहाज तोफगोळ्याने पेटलं आणि त्याच्या आगीत शेजारी बांधलेलं सगळं आरमार जळालं. मराठ्यांच्या सगळ्यात मोठ्या आरमाराची एका दुपारी राख झाली, आणि त्यात पेशव्यांचा हात होता, हे आपण शाळेत भराभर वाचून पुढे जातो. वाघोटन खाडीत गिर्येला खडकात कोरलेली आंग्रेकालीन गोदी अजून आहे. गुराबा आणि गलबतं कशी बांधत, किती लाकूड, किती खिळे, कोणाला किती रोज, हे हिशेब मोडीत असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालावर रुमाल बांधून ठेवलेले आहेत. जळालेलं लाकूड गाळात असेल तर कोळसा झालेला भाग उलट टिकाऊ. एकीकडे दप्तर, दुसरीकडे खाडी. बुतुसचा कज्जा वाचणारी बाई आपल्याला अजून हवी आहे.

म्हणून माझी अट, आणि ही एकच आहे. गोव्याला जाण्यापूर्वी मोडी शिक. बुडी मारायला शिकवणारे तिथे पुष्कळ भेटतील. पण खाली लाकूड दिसल्यावर वर येऊन कुठला रुमाल सोडायचा, हे सांगणारे थोडे आहेत, आणि ज्याला दोन्ही येतं असा माणूस मला तरी माहीत नाही. सेल्मा बार्कम स्वतः पाणबुड्या नव्हत्या, ग्रेनिए दप्तरवाले नव्हते. तरी जमलं, कारण कागद आणि बुडी एकत्र आले. आपल्याकडे असं जुळून येण्याची वाट बघण्यापेक्षा एकाच डोक्यात दोन्ही घातलेलं बरं.

नोकऱ्यांचं बाबांना खरं तेच सांग. थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग २००१ पासून आहे, गोव्याची संस्था आहे, काही विद्यापीठं आहेत. रांग लांब नाही, कारण उभंच कोणी राहत नाही.

आणि ताईला सांग, पाण्याखाली जायला आता समुद्रच लागतो असंही राहिलेलं नाही. २०१९च्या पावसाळ्यात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि आपल्या धार जिल्ह्यातलं निसरपूर बुडालं, चिखल्दा बुडालं. बाजारपेठा, देवळं, घाट, कवेलूची घरं, सगळं तिथेच आहे. पाणी उतरतं तेव्हा भिंती वर येतात, चढलं की जातात. लोक अजून जिवंत आहेत, कुठलं दुकान कुठे होतं हे सांगणारे आहेत, मोबदल्याचे कागद कचेऱ्यांमध्ये आहेत. चारशे वर्षांनी कोणी सेल्मा येऊन हे जुळवेल म्हणून थांबायचं कशाला? तुझ्या पहिल्या सुट्टीत आपण तिकडे, कुक्षीला जाऊ. मी माणसांशी बोलतो, तू पाण्यात उतर.

मोडीच्या बाराखडीचं पुस्तक आणि सरावासाठी काही जुन्या कागदांच्या झेरॉक्स पोस्टाने पाठवतोय. सुरुवात वळणदार पेशवेकालीन कागदापासून कर, घसट्या अक्षराला दिवाळीत धारला आल्यावर हात घालू. आणि गोव्यात पहिलं लाकूड हाती आलं की मला फोटो पाठवू नकोस, तिथे सगळं सारखंच दिसतं. एकास दहाच्या मापात स्वतः काढ, सांध्याची बाजू नीट दाखव, आणि खिळ्याचं भोक आहे की दोरीचं ते बाजूला लिही.

तुझा,
मामा